माशादो द असिस – गुलामांच्या नातवानं मालकांना बोलतं केलं

दगडफूल

रिओ द जानेरोच्या बंदराजवळ लिव्रामेंतु नावाची टेकडी आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वालोंगोचा धक्का. १८११ साली बांधलेल्या या धक्क्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं उतरवली जायची. युनेस्कोचा अंदाज सुमारे ९ लाखांचा आहे. १८४३ मध्ये सम्राटाची वधू नेपल्सहून येणार म्हणून त्याच जागी नवा देखणा धक्का बांधला आणि जुना त्याच्याखाली गाडला. २०११ मध्ये बंदराच्या भागातल्या खोदकामात तो पुन्हा उजेडात आला.

या टेकडीवर २१ जून १८३९ रोजी ब्राझीलचा लेखक जोआकिम मारिया माशादो द असिस जन्मला. वडील घरांना रंग द्यायचं काम करत, आणि वडिलांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. आई अझोरेस बेटांवरून आलेली गरीब पोर्तुगीज. दोघं एका सिनेटरच्या विधवेच्या वाडीवर आश्रित म्हणून राहत, आणि तीच बाई मुलाची धर्ममाता झाली. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा. शाळा जेमतेम. १८५६ मध्ये सरकारी छापखान्यात खिळे जुळवायला उमेदवार म्हणून लागला. मग मुद्रितं तपासणं, बातमीदारी, कविता, नाटकं, भाषांतरं, कृषी मंत्रालयात नोकरी. अपस्माराचे झटके यायचे, बोलताना अडखळायचा. १८९७ मध्ये ब्राझीलची साहित्य अकादमी स्थापन झाली तेव्हा हाच पहिला अध्यक्ष, आणि १९०८ मध्ये मरेपर्यंत तोच राहिला.

चरित्र इथेच आटोपतो, कारण धागा दुसऱ्याच गोष्टीसाठी काढलाय. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १३ मे १८८८ ला संपली, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. माशादो तेव्हा ४८ वर्षांचा होता, म्हणजे त्याचं निम्म्याहून अधिक आयुष्य आणि बहुतेक लेखन गुलाम बाळगणाऱ्या शहरात झालं. त्याच्यावर वर्षानुवर्षं आरोप होत आलाय की गुलामांचा नातू असून हा माणूस गप्प बसला, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या प्रेमप्रकरणांवर लिहीत बसला.

मला हा आरोप पटत नाही. 'ब्रास कुबास' वाचताना तर अजिबात नाही. १८८० मध्ये मासिकातून आणि १८८१ मध्ये पुस्तकरूपानं आलेली ही कादंबरी एक मेलेला माणूस सांगतो. आपल्या प्रेताचं थंड मांस ज्या किड्यानं सर्वांत आधी कुरतडलं त्याला त्यानं ती अर्पण केलीय. हा ब्रास कुबास जन्मभर काम न केलेला श्रीमंत. लहानपणीची एक 'खोडी' तो सांगतो. घरातली गुलाम बाई नारळाचा गोड पदार्थ शिजवत होती. तिनं चमचाभर दिला नाही म्हणून यानं तिचं डोकं फोडलं. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून कढईत मूठभर राख टाकली, आणि वर आईला जाऊन सांगितलं की तिनंच मुद्दाम नासवलं. "आणि मी तेव्हा फक्त सहा वर्षांचा होतो," असं तो कौतुकानं सांगतो.

घरात प्रुदेंसियो नावाचा गुलाम मुलगा होता. हा त्याला रोज घोडा करायचा. तोंडात दोरी, पाठीवर हा, हातात छडी. तो कण्हला की "गप रे जनावरा!"

पुढे प्रुदेंसियोला ब्रासच्या वडिलांनी मुक्त केलं. पुष्कळ वर्षांनी ब्रास वालोंगोच्या चौकातून जात असताना एक काळा माणूस दुसऱ्या काळ्या माणसाला चाबकानं मारताना दिसतो. मारणारा प्रुदेंसियो. त्यानं स्वतःसाठी एक गुलाम विकत घेतलाय. मार खाणारा गयावया करतोय आणि हा ओरडतोय, "गप रे जनावरा!" ब्रास त्याला सोडून द्यायला सांगतो. प्रुदेंसियो ताबडतोब ऐकतो आणि म्हणतो, मालकांनी हुकूम करायचा, विनंती कसली. पुढे चालता चालता ब्रासला या प्रसंगाची गंमत वाटू लागते: माझ्याकडून मिळालं ते बिचारा व्याजासकट फेडतोय!

इथे लेखक एक शब्दही स्वतःचा घालत नाही. मेलेला मालक मजेत बोलतो आणि वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. बाहेर उभं राहून मालकाला शिव्या देणं यापेक्षा सोपं होतं असं मला वाटतं.

ज्यांनी वाचलाय त्यांनी लिहा. न पटलेल्यांनी आवर्जून लिहा.

---

नर्मदाकाठ

फार सुंदर लिहिलंय. प्रुदेंसियोचं प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

त्याच कादंबरीतला मेहुणा कोत्रिम राहिला. तो गुलामांना कोठडीत पाठवायचा आणि ते रक्तबंबाळ होऊन परत यायचे. ब्रास त्याची बाजू घेतो. म्हणतो, वाईट माणूस नाही हो, फक्त हट्टी आणि पळकुट्या गुलामांनाच पाठवायचा. शिवाय बरीच वर्षं गुलामांच्या चोरट्या व्यापारात गेल्यामुळे थोडं कडक वागायची सवय लागलेली. आणि लगेच पुढे, हाच कोत्रिम किती धर्मादाय संस्थांचा सभासद होता ते! अशी वाक्यं मी आमच्याकडच्या मोठ्या घरांतल्या लग्नांत बसून ऐकलीयत. विषय वेगळा, सूर तोच.

---

शब्दवेल्हाळ

लेख आवडला, पण निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही न पटलेल्यांना बोलावलंत म्हणून सविस्तर लिहितो.

त्याच काळात लुईस गामा होता. १८३० मध्ये बाहियात स्वतंत्र म्हणून जन्मला, आणि दहाव्या वर्षी सख्ख्या बापानं त्याला विकलं. सतराव्या वर्षी अक्षरओळख झाली. कायद्याची पदवी नाही, तरी साओ पावलोच्या न्यायालयांत उभा राहून त्यानं ५०० हून अधिक माणसं सोडवली. १८८२ मध्ये वारला, मुक्ती बघायला मिळाली नाही. दुसरा जोझे दु पात्रोसिनियो. काळ्या आईचा मुलगा, पत्रकार. वर्तमानपत्रातून, सभांतून, स्वतःच्या नावानिशी बोलला. हे दोघे असताना 'मालकाच्या तोंडून' वगैरे सूक्ष्म कारागिरीचं कौतुक मला जड जातं. ज्याच्या पाठीवर चाबूक पडतोय त्याला या सूक्ष्मतेचा उपयोग काय?

आणि वाचत कोण होतं? १८७६ च्या एका सदरात माशादोनंच जनगणनेचे आकडे देऊन लिहिलंय की ७० टक्के लोकांना वाचता येत नाही. म्हणजे त्याचे वाचक ते मालकच. त्यांना तो घोड्या-घोड्याचा खेळ गमतीदार वाटला असणार आणि त्यांनी पान उलटलं असणार.

---

दगडफूल

@शब्दवेल्हाळ, गामाबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. त्याच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा, आणि तो तुम्हीच काढा.

उपयोगाचं म्हणाल तर माशादोच्या नोकरीकडे बघायला हवं. सप्टेंबर १८७१ मध्ये ब्राझीलमध्ये कायदा झाला की यापुढे गुलाम आईच्या पोटी जन्मणारं मूल स्वतंत्र. त्यातली मेख अशी की मूल आठ वर्षांचं झाल्यावर मालकानं सरकारकडून भरपाई घ्यावी, नाहीतर ते एकवीस वर्षांचं होईपर्यंत त्याला राबवून घ्यावं. याच कायद्यानं प्रत्येक गुलामाची नोंदणी सक्तीची केली. मुदतीत नोंद झाली नाही तर तो माणूस स्वतंत्र. मग काय, नोंदणी चुकलेल्या मालकांचे अर्ज, अपिलं, पळवाटा सुरू झाल्या. हे सगळं ज्या कृषी मंत्रालयात यायचं तिथे माशादो १८७३ पासून होता, आणि १८७६ मध्ये विभागप्रमुख झाला. सिडनी शालोब या इतिहासकारानं ते दप्तर चाळून २००३ मध्ये पुस्तक लिहिलं. कायद्याचा अर्थ लावताना माशादोचा विभाग स्वातंत्र्याच्या बाजूनं झुकत असे, कायद्याचा हेतूच स्वातंत्र्याला अनुकूल आहे असं शेऱ्यात लिहीत असे, हे त्यात दाखवलंय.

१८७२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी कागदावर या माणसाचा शेरा पडत होता. घरी येऊन तो ब्रास कुबासला बोलतं करत होता. मला हे दोन्ही एकाच हाताचं काम वाटतं.

---

केतकी_पणजी

आमच्या घरात आजोबांची पिढी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, त्यामुळे भाषा थोडी कानावर होती. पुढे मी ती रीतसर शिकले आणि माशादो मुळातून वाचला. शब्दवेल्हाळ यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक कथा सांगते. 'बाप विरुद्ध आई', १९०६ च्या संग्रहातली. म्हणजे मुक्तीनंतर अठरा वर्षांनी, सगळे विसरायच्या घाईत असताना लिहिलेली.

कथा सुरू होते ती हत्यारांच्या यादीनं. गळ्यात घालायचं लोखंडी कडं, पायात घालायचं कडं आणि पत्र्याचा मुखवटा. गुलामानं दारू पिऊ नये म्हणून तो तोंडावर चढवायचा. तीन भोकं, दोन बघायला आणि एक श्वास घ्यायला. मागे डोक्यावर कुलूप. पत्र्याचं काम करणारे दुकानदार हे मुखवटे दाराशी टांगून ठेवत, विक्रीसाठी. मग वर्तमानपत्रातल्या जाहिराती येतात: पळालेल्याचं वर्णन, अंगावरच्या खुणा, आणून देणाऱ्याला बक्षीस, आणि बाजूला खांद्यावर काठी, काठीला गाठोडं अशा अनवाणी पळणाऱ्या काळ्या माणसाचं छोटं चित्र.

आता गोष्ट. कांदिदो नेवेस हा एका धंद्यात न टिकणारा तरुण. आधी छापखान्यात शिकायला गेला, पण चांगलं खिळे जुळवायला वेळ लागतो म्हणून सोडलं. (माशादोनं स्वतः जे चिकाटीनं शिकलं तेच!) शेवटी पळालेले गुलाम पकडायचा धंदा धरतो. लग्न होतं, बायकोला दिवस जातात, धंदा बसतो, भाडं थकतं. मुलगा होतो. बायकोची मावशी म्हणते, अनाथाश्रमाच्या चक्रात (नको असलेली बाळं सोडायची भिंतीतली फिरती पेटी) ठेवून ये. बाळ घेऊन हा निघतो आणि वाटेत त्याला अरमिंदा दिसते. पळालेली, आणून दिल्यास शंभर मिलरेइस (तेव्हाचं ब्राझिली चलन) बक्षीस असलेली. बाळ औषधवाल्याकडे सोपवून हा तिला धरतो. ती सांगते, मी गरोदर आहे, तुम्हाला मूल असेल तर त्याच्यावरच्या मायेखातर मला सोडा, मी तुमची गुलाम होईन. तो तिला ओढत मालकाच्या दारात नेतो. मालक पाकिटातून पन्नासाच्या दोन नोटा काढून देतो, आणि तिथेच, त्या फरशीवर, तिचा गर्भ पडतो.

कांदिदो धावत जाऊन आपलं बाळ घेतो, त्याचे मुके घेतो. त्याच्या मनात येतं, सगळीच मुलं काही जगत नाहीत.

मुके घेणारा बाप खलनायक नाही, गरीब आहे. म्हणूनच ही कथा सहन होत नाही. याला गप्प बसणं म्हणणार असाल तर बोलणं कशाला म्हणायचं?

---

सागरवेडा

केतकीताई, अंगावर काटा आला. शंभर मिलरेइसचा हिशोब डोक्यातून जाईना.

---

जुनी_वही

दगडफूल, तुम्ही १८७३ साल लिहिलंत आणि मला एकदम दुसरी गोष्ट आठवली. त्याच साली पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांच्या सन्मानार्थ अर्पण केली. त्या वेळी त्याच खंडाच्या दक्षिणेकडे १५ लाख माणसं कायदेशीर मालमत्ता होती, आणि गुलामांचा एक नातू त्यांच्या फायलींवर बसला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, काही संबंध जोडत नाही. पण जोतीरावांनी शत्रूला नावानिशी, तोंडावर सुनावलं. त्यामुळे शब्दवेल्हाळ यांचा ओढा कुठून येतो ते मला कळतं. आम्ही त्या परंपरेतून वाचायला शिकलो.

---

मोगरा७२

सगळे गंभीर विषयावर आहात, पण त्याच्या 'दों कास्मुर्रो' या कादंबरीबद्दल बोलल्याशिवाय माशादोचा धागा पुरा कसा होईल? कापितूनं नवऱ्याला फसवलं का नाही? मी म्हणते फसवलं. मुलगा हुबेहूब नवऱ्याच्या मित्रासारखा, एस्कोबारसारखा दिसतो, अजून काय पुरावा हवा?

---

नर्मदाकाठ

@मोगरा७२, नाही हो! सांगतोय कोण ते बघा. तिचा नवरा बेंतो. तो स्वतः वकील, फिर्यादीही तोच, एकमेव साक्षीदारही तोच, आणि कापितू केव्हाच स्वित्झर्लंडमध्ये मरून गेलेली. १८९९ ची कादंबरी. हेलन कॉल्डवेल या अमेरिकन अभ्यासक बाईनं १९६० मध्ये पुस्तक लिहून कापितू निर्दोष आहे असं म्हणेपर्यंत बहुतेकांनी बेंतोचं म्हणणं निमूट मान्य केलं होतं. साठ वर्षं!

आणि चेहऱ्याच्या साम्याचं उत्तर कादंबरीतच आहे. कापितूची मैत्रीण सांशा हिचे वडील भिंतीवरची आपल्या बायकोची तसबीर दाखवून म्हणतात, कापितू अगदी हिच्यासारखी दिसते, आणि नातं तर काहीच नाही. आयुष्यात अशी विचित्र साम्यं असतात. बेंतोनं हे स्वतः ऐकलंय, स्वतः लिहिलंय आणि मुलाच्या बाबतीत सोयीस्कर बाजूला ठेवलंय. तो 'ऑथेल्लो' नाटक बघायला जातो. निरपराध डेस्डिमोना मारली जाताना पाहून याच्या मनात काय येतं, तर ती निर्दोष होती तरी मेली, मग कापितूला काय शिक्षा हवी! त्यानंतर तो पोराला विषारी कॉफी पाजायला निघतो, ऐन वेळी हात मागे घेतो. अशा माणसाच्या शब्दावर मी कुणाला दोषी ठरवणार नाही.

---

मोगरा७२

तसबिरीचं लक्षातच नव्हतं. पुन्हा वाचायला काढते. तरी एस्कोबारच्या प्रेताकडे ती ज्या नजरेनं बघते ते प्रकरण मला अजून छळतं.

---

दगडफूल

कापितूचा वाद इथे थांबवणार नाही, खुशाल चालू द्या :) फक्त एवढं सांगतो की बेंतोचं घरही त्याच पैशावर उभं आहे. वडील वारल्यावर आई शेती आणि गुलाम विकते, काही नवे गुलाम घेते आणि त्यांना भाड्यानं कामाला लावते. निवांत बसून जुन्या संशयांवर कादंबरी लिहायची फुरसत या माणसाला कुठून मिळते, ते माशादो सुरुवातीलाच एका ओळीत सांगून ठेवतो.

---

सागरवेडा

माझा प्रश्न वेगळा आहे. त्याचे जुने फोटो बघितले तर तो बराच गोरा दिसतो. तो खरंच काळा होता का?

---

केतकी_पणजी

@सागरवेडा, त्याला गोरं करण्याचा उद्योग त्याच्या मरणाबरोबरच सुरू झाला. मृत्यूच्या नोंदीत वर्ण 'गोरा' लिहिला. मित्र जोझे वेरिसिमोनं मृत्युलेखात त्याला मिश्रवर्णीय म्हटलं, तर जोआकिम नाबुकोनं पत्र पाठवून तो शब्द काढून टाकायला सुचवलं. माझ्या लेखी माशादो गोराच होता, असं लिहिलं. नाबुको म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळीतला बिनीचा नेता! त्यानं हे मित्रप्रेमानं लिहिलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

हे इतकं मुरलं की २०११ मध्ये ब्राझीलच्या सरकारी बँकेनं आपला जुना खातेदार म्हणून त्याची जाहिरात केली आणि भूमिका गोऱ्या नटाला दिली. लोक भडकले. मग ती मागे घेऊन काळ्या नटाला घेऊन पुन्हा केली. २०१९ मध्ये साओ पावलोच्या झुंबी दुस पाल्मारेस महाविद्यालयानं त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात खरा वर्ण भरून मोहीम चालवली: पाठ्यपुस्तकांतल्या चित्रावर हे नवं चित्र चिकटवा म्हणून.

लग्नाच्या वेळी मात्र त्याच्या रंगाबद्दल कुणाला शंका नव्हती. कारोलिना पोर्तोची, त्याच्याहून काही वर्षांनी मोठी, भरपूर वाचलेली. घरच्यांनी रंगावरून विरोध केला, तरी तिनं नोव्हेंबर १८६९ मध्ये लग्न केलं. १८७८ च्या शेवटी आजारपण आणि डोळ्यांच्या त्रासामुळे तो नोव्हा फ्रिबुर्गो या डोंगरातल्या गावी जाऊन राहिला. 'ब्रास कुबास'चा काही भाग तिनं त्याच्या तोंडून ऐकून लिहून घेतलाय. मूल नव्हतं. १९०४ मध्ये ती गेली. त्यानं तिच्यावर लिहिलेलं सुनीत मी दुसऱ्याला वाचून दाखवू शकत नाही, मधेच आवाज जातो.

---

जुनी_वही

त्याच्या अखेरच्या रात्रीची एक हकीकत युक्लिदेस दा कुन्या या लेखकानं लगेच वर्तमानपत्रात लिहिली होती. रिओच्या कोस्मे व्हेल्यो भागातल्या त्याच्या घरी लेखकमंडळी बसलेली. दारावर थाप पडली. अठराच्या आतला अनोळखी मुलगा. प्रकृती बिघडल्याचं पेपरात वाचून आलेला, कुणाच्या ओळखीचा नाही. त्याला आत सोडलं. त्यानं गुडघे टेकून आजारी माणसाचा हात हातात घेतला, चुंबन घेतलं, छातीशी धरला, आणि एक शब्द न बोलता निघाला. वेरिसिमोनं दाराशी नाव विचारून घेतलं, पण ते छापलं नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो आस्त्रोजिल्दो परेरा होता. १९२२ मध्ये ब्राझीलचा कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांतला एक, आणि पुढे माशादोवर आवर्जून लिहिणारा समीक्षक.

शब्दवेल्हाळ, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला लेखक असता तर हा पोरगा कशाला आला असता?

---

नवखी_वाचक

मी काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू? कादंबरी झेपेल का?

---

दगडफूल

@नवखी_वाचक, 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणता येईल अशी एक दीर्घकथा आहे, 'ओ आलिएनिस्ता'. इतागुआई गावात सिमाओ बाकामार्ते नावाचा विद्वान वैद्य हिरव्या खिडक्यांचं वेड्यांचं घर बांधतो. आधी खरे वेडे, मग उधळे, मग मत्सरी, मग फार सभ्य बोलणारे, असं करत गावातली बहुसंख्य माणसं आत टाकतो. न्हावी बंड करून सत्ता घेतो आणि सत्तेवर येताच डॉक्टरशी जमवून घेतो. मग डॉक्टरला वाटतं, बहुसंख्य जर असे असतील तर वेडे तेच, जे उरलेले समतोल आहेत! तो सगळ्यांना सोडून नवी धरपकड सुरू करतो. शेवट सांगत नाही. एका बैठकीत वाचून होते.

त्यानंतर 'ब्रास कुबास'. १६० प्रकरणं आहेत, पण काही अर्ध्या पानाची, आणि एका प्रकरणात तर फक्त टिंबं आणि विरामचिन्हं आहेत. इंग्रजीत २०२० मध्ये दोन नवे अनुवाद आलेत, त्यांतला फ्लोरा थॉमसन-दव्हो यांचा टिपांसकट आहे. गुलामगिरीचे संदर्भ त्या टिपांमुळे नीट लागतात. 'किंकास बोर्बा' नंतर घ्या. "जिंकेल त्याला बटाटे" हे तत्त्वज्ञान तिथे भेटेल. १८७० च्या दशकातल्या पहिल्या चार कादंबऱ्या मी तरी घाईनं वाचायला सांगणार नाही.

---

शब्दवेल्हाळ

केतकीताईंची कथा शोधून वाचली. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती मोठी कथा आहे.

शोधता शोधता १९ मे १८८८ चं सदर सापडलं, मुक्तीनंतर सहाव्या दिवशीचं. निवेदक बढाई मारतो की कायदा व्हायच्या आधीच मी माझ्या पांक्रासियोला मुक्त केलं, मेजवानी दिली, शॅम्पेन झाली, पाहुण्यांनी माझा जयजयकार केला. दुसऱ्या दिवशी त्याला महिना सहा मिलरेइस पगार ठरवला. आणि बूट नीट पुसले नाहीत म्हणून एक टपली मारली, कारण स्वातंत्र्य मिळालं तरी माझा त्याला टपली मारायचा नैसर्गिक हक्क थोडाच जातो! पुढे लाथा, कान ओढणं, शिव्या. आणि याच पुण्याईवर निवडणुकीला उभं राहायचा बेत. सगळं शहर नाचत असताना, मजुरी आणि मार यांचं पुढे काय होणार हे सहा दिवसांत लिहिणं ही मोठीच नजर आहे. हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

पण ते सदर निनावी होतं. खाली फक्त 'शुभ रात्री'. ते त्याचं आहे हे सिद्ध व्हायला कित्येक दशकं लागली. पात्रोसिनियोनं त्याच शहरात नावानिशी लिहिलं. गामानं न्यायाधीशासमोर उभं राहून मांडलं. नजरेत माशादो मोठा, धैर्यात ते दोघे, माझं मत इथवर आलंय. गामावरचा धागा पुढच्या आठवड्यात टाकतो.

---

दगडफूल

नाव न घालण्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की तो सरकारी नोकर होता, आणि गुलाम-मालकांची अपिलं त्याच्याच टेबलावर यायची. नाव बाहेर आलं असतं तर ते टेबल गेलं असतं, आणि त्या जागी कोण बसला असता कुणास ठाऊक. धैर्याचा तुमचा मुद्दा तरीही उरतो, तो मी खोडत नाही. गामाच्या धाग्यात त्याची न्यायालयातली प्रकरणं सविस्तर द्या. विशेषतः १८३१ च्या आयातबंदी कायद्याचा आधार घेऊन त्यानं लोक कसे सोडवले ते. त्या बंदीनंतर चोरून उतरवलेली माणसं मुळात कायद्यानं स्वतंत्रच होती, आणि कोत्रिमचा चोरटा धंदा म्हणजे नेमका तोच.